वाटाण्याचं रोप, पांढऱ्या चादरी आणि लाल दिवा: दादासाहेब फाळके यांची न सांगितली जाणारी बाजू

नाशिकचं द्वारका सर्कल. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, पुण्याचा रस्ता इथेच येऊन मिळतो, वरून उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी, भाजीचे टेम्पो आणि कधीही न संपणारा हॉर्नचा आवाज. इथून महामार्ग पकडून मुंबईच्या दिशेने निघालं की काही किलोमीटरवर पांडवलेणी लागतात आणि लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. नाशिककरांसाठी सहलीची जागा. शाळेच्या ट्रिपा येतात, कारंजासमोर फोटो निघतात, मोबाईलवर रील बनतात.

फाळके म्हटलं की ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३ एवढं सगळ्यांना पाठ असतं. स्पर्धा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे तो. पण चित्रपट काढायच्या आधी जवळपास वीस वर्षं हा माणूस फोटोग्राफर होता. अंधाऱ्या खोलीत काचा धुणारा, छपाईचे ब्लॉक बनवणारा, उन्हाचा अंदाज घेऊन लेन्सचं झाकण उघडणारा. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर दिसला तो या वीस वर्षांच्या कामामुळे. आणि हेच नेमकं सांगायचं राहून जातं.

त्र्यंबकच्या शास्त्रीबुवांचा मुलगा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाने शास्त्री व्हावं, पौरोहित्य करावं अशीच घरातली वाट होती. पण वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, कुटुंब मुंबईत आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाले. पुढे थोरल्या भावासोबत बडोद्याला गेले. तिथे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात कलाभवन नावाची संस्था नुकतीच सुरू होत होती. तिचे प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, मुळात रसायनशास्त्राचे माणूस.

कलाभवनात फाळके तैलरंग, जलरंग शिकले. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा विकत घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं सुरू केलं. त्यांचा हात पाहून गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं, तीन रंगांचे ब्लॉक बनवणं, फोटोलिथो आणि डार्करूमचं काम शिकायला. परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली.

आता हे ‘तीन रंगांचे ब्लॉक’ म्हणजे काय, ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका रंगीत चित्राचे तीन वेगवेगळे फोटो काढायचे. एक लाल काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही फोटो कृष्णधवलच. पण प्रत्येकात त्या त्या रंगाचा प्रकाश किती होता याची नोंद असते. त्यावरून तीन ब्लॉक बनवायचे आणि तीन शाया एकावर एक छापायच्या. म्हणजे जो माणूस हे काम करतो त्याला जग सतत रंगांतून काळ्या-पांढऱ्यात आणि काळ्या-पांढऱ्यातून रंगांत उलटून पाहावं लागतं. पिवळं गोंड्याचं फूल करडं झालं तर किती करडं होईल, लाल लुगडं किती काळं पडेल, हे त्याच्या डोळ्यांत बसतं. पंचविशीच्या आत फाळके यांच्या डोळ्यांत ते बसलं होतं.

कॅमेरा जीव खेचून घेतो म्हणे

१८९५ मध्ये फोटोग्राफीचाच धंदा करायचा ठरवून फाळके गोध्र्याला गेले. तिथे बसतायत असं वाटत असताना प्लेग आला. १९०० च्या सुमाराला त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. तिशीतला माणूस, गावात ओळखी नव्या, घर रिकामं. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले.

बडोद्यात पुन्हा कॅमेरा लावला तर वेगळंच संकट. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती खेचून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, अशी अफवा लोकांमध्ये पसरली होती. आज हसू येईल. पण साथीने घरंच्या घरं रिकामी होत होती, तो काळ डोळ्यांसमोर आणा. राजघराण्यातल्या माणसानेही फोटो काढून घ्यायला नकार दिला होता. फाळके यांनी त्याचं मन वळवलं, पण गिऱ्हाईक काही वाढलं नाही. दुकान बंद झालं.

मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं सुरू झालं. याच काळात एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखीही शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. हा किस्सा सहसा गंमत म्हणून सांगितला जातो. पण पॅरिसमध्ये त्याच काळात जॉर्ज मेलिएस नावाचा आणखी एक जादूगार सिनेमाच्या कॅमेऱ्याशी खेळत होता आणि माणसं पडद्यावर गायब करत होता. जादूगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: प्रेक्षकाची नजर कुठे आहे आणि कुठे नाही. कॅमेऱ्याला तेवढंच लागतं.

१९०२ मध्ये फाळके यांचं दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वती झाल्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

१९०३ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार. पण स्वदेशीचं वारं वाहू लागलं आणि १९०६ मध्ये फाळके यांनी ती सोडून लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. रविवर्मा प्रेससाठी ते फोटोलिथोचं काम करत. घराघरांत लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची ती चित्रं आठवा. देवाला माणसाचा चेहरा, अंगावर खऱ्यासारखी पडणारी सावली, जरीच्या काठावर चमक. ही चित्रं दगडावर कशी उतरवायची, कुठे किती काळोख ठेवायचा, हे काम फाळके यांच्या हाताखालून गेलं होतं. पुढे छापखाना दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने. यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदाराशी बिनसलं आणि फाळके अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वय चाळीस. हातात काही नाही.

डोळे गेले, पुन्हा आले

१९१०-११ च्या सुमाराला गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलतो-चालतो, मग राम-कृष्ण का नाही, हा विचार डोक्यात शिरला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढची तितकी माहीत नाही.

फाळके रोज चार-पाच तास सिनेमे बघू लागले. उरलेल्या वेळात पुस्तकं, फिल्मचे तुकडे, भिंग, घरीच केलेले प्रयोग. झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासंच झालं. ज्याची सगळी कमाई डोळ्यांवर, त्याचे डोळे गेले. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली, चष्मे लागले आणि डोळे उघडताच माणूस पुन्हा त्याच कामाला लागला. नातेवाइकांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

पैशासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले. तिथे ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि छिद्रं पाडायचं यंत्र मागवलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले.

त्यांच्या आधी इथे कुणी कॅमेरा चालवला नव्हता असं नाही. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्येच मुंबईत कुस्तीचं चित्रीकरण केलं होतं. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मे १९१२ मध्ये लागला. पण ‘पुंडलिक’चा कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळके यांचा हट्ट वेगळा होता. फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुऊन, छापून, जोडून पडद्यावर टाकेपर्यंत सगळं इथेच आणि आपल्या हातांनी.

कुंडीतला वाटाणा

पैसे संपले होते आणि सावकाराला कॅमेऱ्यावर विश्वास नव्हता. तेव्हा फाळके यांनी घरात एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर महिनाभर रोवून ठेवला. ठरावीक वेळाने एकेक चित्र. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात. माती दुभंगते, कोंब वर येतो, वेल आधार शोधते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते.

आज मोबाईलमध्ये टाईमलॅप्सचं बटण असतं, ते दाबलं की झालं. पण १९१२ मध्ये हे करताना काय लागलं असेल ते पाहा. मूकपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा चित्रं निघत. म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला साडेनऊशेच्या आसपास चित्रं. ती महिनाभरात थोडी थोडी घ्यायची. मधे कॅमेरा एक सूतभरही हलता कामा नये. उजेडही रोज सारखा हवा, नाहीतर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी लुकलुकताना दिसेल. घरात लहान मुलं. कुंडीला कुणाचा धक्का लागला की महिना वाया.

ती फिल्म पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. भारतीय चित्रपटाचं पहिलं भांडवल वाटाण्याच्या वेलीने उभं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

स्वयंपाकघरातली डार्करूम

आता सरस्वतीबाई. त्या काळी कोरी फिल्म सपाट पट्टीसारखी येई, कडेची छिद्रं आपण पाडायची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं. म्हणजे एका फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती ३७०० फूट. हिशेब केला तर साडेचार लाखांच्या वर छिद्रं, तीही वाया गेलेली फिल्म न धरता. यंत्र हाताने चालवायचं, अंधारात. छिद्र जरा तिरकं पडलं की पडद्यावर चित्र उड्या मारतं. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुणं, छापणं त्या शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्म. दागिने तर आधीच गेले होते.

आणि चित्रीकरणाच्या वेळी त्या भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. तासन् तास.

चादर कशाला? उत्तर सोपं आहे आणि आजही तितकंच उपयोगाचं. त्या काळी इथे चित्रीकरणाचा दिवा म्हणजे सूर्य. घराच्या आतला प्रसंगही उघड्यावर सेट लावून उन्हातच घ्यायचा. पण आपल्याकडचं ऊन डोक्यावरून येतं. कपाळ उजळतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते. दुपारी बारा वाजता कुणाचाही फोटो काढून बघा. पांढरी चादर पुढून धरली की तिच्यावर आपटलेला उजेड खालून चेहऱ्यावर जातो आणि सावली सौम्य होते. हल्ली यालाच रिफ्लेक्टर म्हणतात आणि दुकानात त्याचे पैसे पडतात. घरातली चादर, थर्माकोलचा तुकडा, पांढरी भिंत, काहीही चालतं. कापड जितकं मोठं आणि चेहऱ्याच्या जितकं जवळ, तितका उजेड मऊ.

उजेड मोजायचं यंत्र हाताशी नसे. अंदाज. ढग आला की थांबायचं. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, एका लयीत. हात मंदावला की पडद्यावर माणसं धावत सुटतात. म्हणूनच त्या काळच्या चित्रपटांची लांबी मिनिटांत नव्हे, फुटांत सांगितली जाते.

हा दांडा फिरवायला फाळके यांनी कुणाला घेतलं? त्र्यंबक तेलंग यांना. त्र्यंबकचेच बालमित्र. साध्या फोटोग्राफीची त्यांना माहिती होती, सिनेमाचा कॅमेरा फाळके यांनी शिकवला. लंडनहून कॅमेरामन बोलावण्याऐवजी त्र्यंबकचा मित्र उभा केला, हा निर्णय वाटतो त्यापेक्षा मोठा होता.

लाल ते काळं, निळं ते पांढरं

जुने मूकपट पाहताना एक गोष्ट खटकते. आकाश नेहमी कोरं पांढरं आणि ओठ काळे का? त्याचं कारण फिल्ममध्ये आहे. तेव्हाच्या फिल्मला निळा उजेड चटकन दिसे, हिरवा बऱ्यापैकी आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. याला ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म म्हणतात. सगळे रंग नीट ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमात रुळली ती १९२० च्या दशकात.

याचा परिणाम पौराणिक चित्रपटावर काय होईल बघा. कपाळावरचं कुंकू काळं. लाल शालू काळा. आपल्या सावळ्या, तांबूस झाक असलेल्या कातडीचा रंग डोळ्यांना दिसतो त्याहून गडद. आणि निळ्या रंगाने रंगवलेला कृष्ण फिल्मवर जवळजवळ पांढरट! रंगभूमीवर उठून दिसणारी रंगभूषा कॅमेऱ्यासमोर पार उलटी पडू शकते. तीन रंगांचे ब्लॉक बनवण्यात वर्षं घालवलेल्या माणसाला हे नव्याने शिकायची गरज नव्हती.

याची चांगली बाजूही होती. लाल उजेड फिल्मला दिसत नाही, म्हणजे डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येतं. चित्र उमटताना डोळ्यांनी बघता येतं, कधी थांबायचं ते ठरवता येतं. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर ही सोय गेली, मिट्ट काळोखात घड्याळाच्या भरवशावर फिल्म धुवावी लागली.

मोबाईलवर हा जुना तोंडवळा हवा असेल तर नुसता काळा-पांढरा फिल्टर पुरत नाही. फोटो कृष्णधवल करताना एडिटिंग ॲपमध्ये लाल रंगाची पट्टी अगदी खाली आणि निळ्याची वर न्या. आकाश कोरं होईल, ओठ काळवंडतील, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि डाग ठळक होतील. उलट केलं, लाल वर आणि निळा खाली, की आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात आणि चेहरा गुळगुळीत होतो.

हरिश्चंद्र

‘राजा हरिश्चंद्र’ला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास फाळके यांचा मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दहा रुपये पगार होता, फाळके यांनी पंधरा कबूल केले. पुढे याच साळुंक्यांनी अभिनय मागे टाकून कॅमेरा हातात घेतला आणि छायालेखक म्हणून काम केलं, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते.

बाहेरचं चित्रीकरण वांगणी गावाजवळ. तलवारी, भाले घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर वाटले आणि पोलीस आले. कॅमेरा दाखवून, प्रसंग करून दाखवून सुटका करून घ्यावी लागली. तिथेच खेळताना भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला खोक पडली. परत मुंबईला जायचं तर दिवस, उजेड, पैसा सगळंच बुडणार. मलमपट्टी झाली आणि काम पुढे चालू राहिलं. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग होता, मुलाला निपचित पडायचंच होतं. बाप म्हणून हा निर्णय कसा वाटतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चित्रपटात विश्वामित्राच्या यज्ञातल्या शक्ती ज्वाळांत दिसतात, शेवटी शंकर प्रकट होतात. हे कसं केलं? अशा दृश्यांची पद्धत अशी: कॅमेरा थांबवायचा, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, देवाने चौकटीत येऊन उभं राहायचं आणि पुन्हा दांडा फिरवायचा. पडद्यावर देव हवेतून येतो. किंवा फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्रण करायचं. पहिल्या वेळी जो भाग काळा ठेवला तिथे दुसऱ्या वेळी काढलेलं चित्र उमटतं, कारण काळं म्हणजे तिथे फिल्म अजून कोरीच असते. चूक झाली की दोन्ही चित्रणं एकदम वाया. प्रोफेसर केल्फांचा हात इथे कामी आला.

२१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट सगळ्यांसाठी लागला आणि चालला.

नाशिक

पहिल्या यशानंतर फाळके यांनी मुंबई सोडली आणि बिऱ्हाड, कॅमेरा, माणसं सगळं घेऊन नाशिकला आले. पौराणिक चित्रपट काढणाऱ्याला आणखी काय हवं? गोदेचे दगडी घाट, काळ्या पाषाणाची देवळं, जवळच ब्रह्मगिरीचे डोंगर, आणि रामाच्या वनवासाच्या कथेत रुतलेलं गाव. सेट रंगवायचा खर्च वाचला.

इथे ‘मोहिनी भस्मासुर’ झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी कामं केली आणि पडद्यावर खरोखरच्या बाया दिसल्या. मग ‘सत्यवान सावित्री’. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी तांत्रिक बाजूचं कौतुक केलं, काम देऊ केलं. ते परत आले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि पैशाच्या वाटा बंद झाल्या.

१९१७ च्या ‘लंका दहन’ने पुन्हा हात दिला. यात अण्णा साळुंके रामही होते आणि सीताही. गर्दी इतकी की गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला असं सांगतात. त्याच सुमाराला त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली आणि ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. हातातली विद्या लपवून ठेवायची त्यांची वृत्ती नव्हती.

१ जानेवारी १९१८ ला नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल भागीदारांचं, विद्या फाळके यांची. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ इथलेच. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो कथेने नाही. आधी कॅमेऱ्यासमोर ती मुलगी एकेक भाव दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. स्टुडिओत पोर्ट्रेट काढणाऱ्या फोटोग्राफरने सिनेमातही आधी चेहऱ्याजवळ जाऊन उजेड पडू दिला. जादूगार सहसा युक्ती आधी दाखवत नाही. इथे ती दाखवली आहे, आणि तरीही पुढे पाण्यात कालियाशी झुंजणारी मुलगी कृष्णच वाटते.

कमी होत गेलेला उजेड

भागीदारांना हिशेब हवा होता, फाळके यांना चित्र मनासारखं हवं होतं. भांडण झालं. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, काही वर्षांनी परत आले. पण मधल्या काळात जग पुढे गेलं होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले होते, नव्या कंपन्या, नवे नट. मग चित्रपट बोलू लागला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून काढला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. वय सदुसष्ट.

नंतरची वर्षं नाशिकमध्ये, हलाखीत. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने निधी जमला आणि नाशिकात त्यांच्यासाठी घर झालं. चित्रपट काढायची इच्छा मात्र गेली नव्हती. युद्धामुळे फिल्मवर नियंत्रण होतं, परवान्याशिवाय चित्रपट काढता येत नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी परवाना मागितला. फेब्रुवारी १९४४ मध्ये सरकारचा नकार आला. १६ फेब्रुवारीला नाशिकमध्येच ते गेले.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडं उरलं. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती उष्णतेने कुजते, पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडे आणि इतरत्र जाऊन सापडतील ते तुकडे गोळा केले आणि ‘कालिया मर्दन’ बराचसा जुळवून घेतला. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं मिळाली, ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या अनेक जुन्या फिल्म जळाल्या. प्रती आधीच काढून ठेवलेल्या असल्याने फाळके यांचं हे काम पाहता येतं.

इंटरनेटवर हे तुकडे मिळतात. त्यात ती १९१७ ची छोटी फिल्मही आहे, चित्रपट कसा तयार होतो ते दाखवणारी. तिच्यात स्वतः फाळके दिसतात. कलाकारांची तालीम घेताना, आणि मग फिल्मची पट्टी हातात धरून एकेक चित्र तपासताना.